दोन पालकांचे घर आणि सरकारी निधी : ‘कल्याणलक्ष्मी’पासून एकल महिला पेन्शनपर्यंत

आदिलाबाद जिल्ह्यात मुलीचे लग्न ठरले की पत्रिकेबरोबरच घरात कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होते. वयाचा पुरावा, आधार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आईचे बँक पासबुक. हे सारे ‘कल्याणलक्ष्मी’ किंवा ‘शादी मुबारक’ योजनेच्या १,००,११६ रुपयांसाठी. त्याच गावात दुसऱ्या एखाद्या घरी नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पदरी मूल असलेली स्त्री दरमहा येणाऱ्या २,०१६ रुपयांच्या ‘आसरा’ पेन्शनची वाट पाहत असते. पहिली रक्कम घर मांडताना मिळते, दुसरी घर मोडल्यावर.

मुलाला आई आणि वडील दोघांचे घर लाभावे, यासाठी सार्वजनिक कल्याणनिधी वापरावा काय, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. भारतात तो या शब्दांत फारसा विचारला जात नाही. परंतु विवाह, वैधव्य आणि परित्यक्तावस्था यांच्याशी जोडलेल्या योजनांमधून त्याचे उत्तर मात्र रोज दिले जात असते. तेलंगणातील या योजना, सीमेपलीकडील महाराष्ट्राची व्यवस्था आणि अन्यत्र आलेला अनुभव यांचा हा आढावा.

संकल्पना काय आहे?

दोन पालकांच्या कुटुंबाला शासन तीन मार्गांनी हातभार लावू शकते. पहिला मार्ग थेट पैशाचा : विवाहाच्या वेळी अनुदान, कर्ज किंवा करसवलत. दुसरा सेवांचा : समुपदेशन, तंटानिवारण, व्यसनमुक्ती, पालकत्वाचे प्रशिक्षण. तिसरा मार्ग नियमांचा : एकट्या आईला मिळणारे साहाय्य असे आखायचे की तिने पुन्हा संसार थाटला, तर तिचे किंवा तिच्या मुलाचे आर्थिक नुकसान होऊ नये. पहिल्या मार्गाची चर्चा सर्वाधिक होते, कारण त्यात धनादेश असतो आणि वाटपाचा समारंभही असतो. तिसऱ्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

यामागील युक्तिवाद सरळ आहे. घरात दोन मिळवते हात असले की दारिद्र्याचा धोका कमी होतो आणि मुलाच्या संगोपनाचा भार वाटला जातो. त्यावरचा आक्षेपही तितकाच सरळ आहे. ज्या घरात मारहाण आहे, तेथे दोन पालक एकत्र राहणे हे मुलाचे भाग्य नव्हे. म्हणून विवाह टिकवणे आणि कुटुंबाचे हित साधणे या दोन गोष्टी एकच मानता येत नाहीत.

विवाहाच्या वेळचा निधी

कल्याणलक्ष्मी आणि शादी मुबारक या योजना तेलंगण राज्याच्या स्थापनेनंतर चार महिन्यांनी, २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाल्या. आरंभी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि अल्पसंख्याक समाजातील मुलींना ५१,००० रुपये दिले जात. २०१६ मध्ये मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांचा त्यांत समावेश झाला. २०१७ मध्ये ही रक्कम ७५,११६ आणि २०१८ मध्ये १,००,११६ रुपये झाली. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने या रकमेसोबत एक तोळा सोने देण्याचे आश्वासन दिले होते.

वधू तेलंगणाची रहिवासी असावी, विवाहसमयी तिचे वय १८ वर्षे पूर्ण असावे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेत असावे, या योजनेच्या मुख्य अटी आहेत. अर्ज मी-सेवा केंद्रातून ऑनलाइन भरता येतो, पडताळणी तहसील कार्यालयातून होते आणि रक्कम साधारणतः वधूच्या आईच्या नावे दिली जाते. धनादेश बहुधा आमदारांच्या हस्ते वाटले जातात.

या योजनेचा हेतू ‘दोन पालकांची कुटुंबे वाढवणे’ असा कोठेही नमूद नाही. मुलीच्या लग्नासाठी सावकाराच्या दारात जावे लागू नये आणि बालविवाहाला आळा बसावा, हे तिचे दोन घोषित हेतू. आदिलाबादसारख्या कापूसपट्ट्यात, जेथे पीक हाती येण्याआधीच ते कर्जापोटी बांधले गेलेले असते, तेथे पहिला हेतू किती मोलाचा आहे हे सांगावे लागत नाही.

दुसरा हेतू वयाच्या अटीवर उभा आहे आणि योजनेचे खरे बळही तेथेच आहे. रक्कम हवी असेल, तर मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत थांबणे भाग पडते आणि वयाचा पुरावा जवळ ठेवावा लागतो. तथापि एवढ्याने काम भागलेले नाही. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तेलंगणातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २३.५ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. देशाची सरासरीही जवळपास तेवढीच होती. त्यांपैकी काहींचे विवाह योजना सुरू होण्यापूर्वीचे किंवा ती नवी असतानाचे आहेत, हे लक्षात घेतले तरी हा आकडा समाधानकारक नाही.

विवाह झाल्यानंतर मात्र ही योजना संपते. संसार टिकला की मोडला, मुलाचा पिता जबाबदारी घेतो की नाही, याच्याशी तिचा संबंध उरत नाही. शिवाय तिची रचना अविवाहित मुलीच्या विवाहासाठी आहे. विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीचा पुनर्विवाह हा तिचा विषय नाही.

एकटेपणाचा आधार

दुसऱ्या टोकाला ‘आसरा’ पेन्शन आहे. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या व्यवस्थेत वृद्ध, विधवा, दिव्यांग, विणकर, ताडी काढणारे कामगार आदी गट होते. पुढे विडी कामगार स्त्रियांचा समावेश झाला आणि २०१७ पासून एकल महिलांसाठी स्वतंत्र पेन्शन आले. तेलुगूत या गटाला ‘ओंटरी महिला’ म्हणतात. पतीपासून एक वर्षाहून अधिक काळ विभक्त असलेली स्त्री, तसेच ग्रामीण भागात ३० आणि शहरी भागात ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्री यांना उत्पन्नाच्या अटीवर ते मिळते. प्रारंभी दरमहा १,००० रुपये असलेली रक्कम २०१९ मध्ये २,०१६ झाली. ती ४,००० करण्याचे आश्वासन २०२३ च्या निवडणुकीत दिले गेले.

एकल स्त्रीची स्वतंत्र दखल ही लहान गोष्ट नाही. विधवेकडे पतीचा मृत्युदाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा आदेश असतो. परंतु नवरा नुसता निघून गेलेल्या बाईकडे कोणताच कागद नसतो. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात संगमनेर परिसरातून निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांचा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हाही मुख्य अडचण हीच होती : ही स्त्री शासनाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. तेलंगणाने तिच्यासाठी रकाना केला.

परंतु त्या रकान्यालाही एक अट आहे. स्त्रीने विवाह केला की पेन्शन थांबते. तर्क उघड आहे : एकटेपणाचे साहाय्य एकटेपण संपल्यावर कशाला? मात्र हाच तर्क घराच्या हिशेबात वेगळा दिसतो.

घरातला हिशेब

दरमहा २,०१६ म्हणजे वर्षाला २४,१९२ रुपये. कल्याणलक्ष्मीची संपूर्ण रक्कम आणि पेन्शनची चार वर्षे व काही आठवडे यांची बेरीज सारखीच होते. पंचविशीतील, एक मूल असलेली विभक्त स्त्री कायदेशीर घटस्फोट घेऊन पुन्हा विवाह करू पाहते, असे समजू. तिची पेन्शन पहिल्याच दिवशी बंद होणार. अविवाहितेसाठी असलेले विवाहसाहाय्य तिला लागू नाही. नव्या घरात आपल्या मुलाच्या खर्चाला हात मिळेल की नाही, याची खात्री नाही. ज्या रकमेवर तिचा स्वतःचा अधिकार होता, ती सोडून तिने पुन्हा दुसऱ्याच्या कमाईवर विसंबायचे, असा या निर्णयाचा अर्थ होतो.

अनेक शेतकरी आणि कष्टकरी जातींत, तसेच आदिवासी समाजांत स्त्रीचा पुनर्विवाह नवा नाही. मराठी मुलखात त्याला ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ असे रूढ शब्दच आहेत. जेथे समाजाने हा दरवाजा उघडा ठेवला आहे, तेथे योजनेच्या नियमाने त्याला उंबरठा घालू नये, एवढीच येथे अपेक्षा आहे. अन्यथा नवे नाते नोंदवायचे नाही आणि कागदावर एकटेच राहायचे, असा मार्ग निघतो. त्याचा तोटा पुन्हा स्त्रीलाच होतो. नोंद नसलेल्या विवाहात पोटगी, वारसा आणि मुलांचे हक्क हे सारे वादाचे विषय ठरतात. तेलंगणात २००२ च्या कायद्याने विवाहनोंदणी सक्तीची आहे, ती याचसाठी.

सीमेवरच्या घरांची अडचण

आदिलाबादच्या मराठी कुटुंबांना आणखी एक गुंता सोडवावा लागतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. सोयरिकी मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिल्या. बेला, जैनद, तांसी भागातील मुलगी पैनगंगेपलीकडे यवतमाळ किंवा नांदेड जिल्ह्यात दिली जाते आणि तिकडची सून इकडे येते.

महाराष्ट्राने जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्यास सुरुवात केली. २१ ते ६५ वयोगटातील विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रिया, तसेच कुटुंबातील एक अविवाहित स्त्री यांत बसतात. वैवाहिक स्थिती बदलली म्हणून लाभ जात नाही, हा तिचा आणि तेलंगणाच्या एकल पेन्शनचा मूलभूत फरक. परराज्यात जन्मलेल्या स्त्रीने महाराष्ट्रातील रहिवाशाशी विवाह केला असल्यास पतीची कागदपत्रे ग्राह्य धरण्याची सवलतही त्या योजनेत देण्यात आली.

ही सवलत आदिलाबादच्या लेकींच्या उपयोगाची आहे. पण संसार टिकला तरच. तीच लेक मुलाला घेऊन माहेरी परतली, तर तिचे आधार, रेशनकार्ड आणि मुलाचा जन्मदाखला पलीकडच्या राज्यातले असतात. तेलंगणात पेन्शन मागायची तर येथील वास्तव्य, विभक्तपणा आणि उत्पन्न हे सारे नव्याने सिद्ध करावे लागते. ज्या काळात मदतीची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच काळात दोन्ही राज्यांच्या यादीत तिचे नाव नसते.

याच्या अगदी उलट चित्र केरामेरी आणि जिवती यांच्या सीमेवरील वादग्रस्त गावांत दिसते. जुन्या आदिलाबादचा भाग असलेल्या कुमरम भीम आसिफाबाद आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत मोजल्या जाणाऱ्या या गावांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि तेथे दोन्ही राज्यांच्या योजना पोहोचतात. एका रेषेवर दुहेरी लाभ आणि तिच्यापासून काही कोसांवर काहीच नाही, अशी ही विसंगती आहे.

अमेरिकेचा अनुभव

दोन पालकांच्या कुटुंबाला सरकारी निधीने प्रोत्साहन देण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वाधिक तपासला गेलेला प्रयोग अमेरिकेत झाला. तेथे १९३५ पासून गरीब मुलांसाठी असलेले साहाय्य प्रामुख्याने एकट्या आईच्या घरांना मिळे. काही राज्यांत घरात पुरुषाचा वावर आढळला तरी मदत तोडली जाई. अलाबामा राज्याचा असा नियम १९६८ मध्ये ‘किंग विरुद्ध स्मिथ’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मदतीची अटच पुरुषाला घराबाहेर ठेवते, ही टीका तेव्हापासून होत राहिली.

१९९६ च्या कल्याण सुधारणा कायद्याने चित्र पालटले. त्याच्या चार घोषित उद्दिष्टांपैकी एक थेट दोन पालकांची कुटुंबे निर्माण होण्यास आणि टिकण्यास उत्तेजन देण्याचे होते. ओक्लाहोमा राज्याने गरिबांसाठीच्या निधीतून एक कोटी डॉलर विवाह उपक्रमासाठी बाजूला काढले. २००६ पासून केंद्र सरकारने सुदृढ विवाह आणि जबाबदार पितृत्व यांसाठी दरवर्षी १५ कोटी डॉलरची तरतूद केली.

या उपक्रमांचे मूल्यमापनही काटेकोर झाले. मूल होऊ घातलेल्या किंवा नुकतेच झालेल्या अविवाहित जोडप्यांना आठ ठिकाणी नातेसंबंधांचे प्रशिक्षण देण्यात आले. पाच हजारांहून अधिक जोडप्यांच्या या अभ्यासात तीन वर्षांनंतर, प्रशिक्षण घेतलेली जोडपी न घेतलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात एकत्र राहिली किंवा विवाहबद्ध झाली, असे दिसले नाही. ओक्लाहोमात मात्र मुले दोन्ही पालकांसोबत सलग राहण्याचे प्रमाण अधिक आढळले. बाल्टिमोरमध्ये सुरुवातीचा परिणाम उलटा निघाला. विवाहित जोडप्यांसाठीच्या दुसऱ्या प्रयोगात नात्याच्या गुणवत्तेत किंचित सुधारणा झाली, विवाह टिकण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

उपदेशाने किंवा वर्गाने संसार सांधले जात नाहीत, हा त्यातून निघालेला साधा निष्कर्ष. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. येथे विवाह जवळजवळ सार्वत्रिक आहे. त्यामुळे विवाहासाठी प्रोत्साहन देण्याची गरज तर आणखी कमी ठरते.

तामिळनाडूने काय बदलले?

विवाहाच्या वेळी रक्कम देण्याची परंपरा दक्षिणेत तामिळनाडूत जुनी होती. मूवलूर रामामिर्तम अम्मैयार यांच्या नावाची विवाहसाहाय्य योजना तेथे १९८९ पासून चालू होती. २०२२ मध्ये त्या राज्याने तिचे रूपांतर ‘पुदुमै पेण्’ योजनेत केले. सरकारी शाळांत शिकलेल्या मुलींना उच्च शिक्षण संपेपर्यंत दरमहा १,००० रुपये देण्याची ही योजना आहे. निधी विवाहाच्या दिवसावरून शिक्षणाच्या वर्षांकडे वळवण्यात आला. विधवा पुनर्विवाहासाठीची डॉ. धर्मांबाळ अम्मैयार यांच्या नावाची स्वतंत्र योजना मात्र तामिळनाडूत आहेच. झारखंडनेही २०२४ मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या विधवांसाठी दोन लाख रुपयांची योजना सुरू केली. म्हणजे पुनर्विवाहाला दंड होऊ नये एवढेच नव्हे, तर साहाय्य मिळावे, हा विचार देशात रुजू लागला आहे.

उत्तेजन की अडथळ्यांचे निवारण?

मराठी समाजाला हा भेद नवा नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि त्याच वर्षी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन केली. विधवांच्या गरजू मुलांना मदत करणे हेही तिचे काम होते. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, संस्थेचे नाव बदलून ‘विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी’ असे करण्यात आले. लग्नाला उत्तेजन देण्यापेक्षा ज्यांना ते करावयाचे आहे त्यांच्या वाटेतील अडसर दूर करावा, असा या नव्या नावाचा अर्थ. सार्वजनिक निधीलाही हीच कसोटी लावता येते.

ती लावल्यास तेलंगणात काही बदल विचारार्ह ठरतात. पुनर्विवाहानंतर एकल महिलेची पेन्शन तत्काळ न थांबवता ठरावीक काळ चालू ठेवणे हा पहिला. मुलासाठीचे साहाय्य मुलाच्या नावे असावे आणि आईच्या वैवाहिक स्थितीबरोबर ते बदलू नये, हा दुसरा. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता मातांच्या पात्र मुलांना दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. ग्रामीण भागात त्यासाठी ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. आदिलाबादच्या अनेक मातांना त्यासाठी जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे अर्ज करता येतो, हेच ठाऊक नसते. सीमेवरील विवाहांसाठी एका राज्याचे दाखले दुसऱ्या राज्याने स्वीकारावेत, ही तिसरी गरज.

चौथा मुद्दा अधिक अवघड आहे. संसार मोडण्याच्या कारणांत दारू ठळक असते, हे गावातील कोणतीही बाई सांगेल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेलंगणातील पंधरा वर्षांवरील ४३.३ टक्के पुरुषांनी मद्यसेवन करत असल्याचे सांगितले. हे प्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. मद्यविक्री हा राज्याच्या महसुलाचाही मोठा आधार आहे. एका हाताने विवाहाला साहाय्य आणि दुसऱ्या हाताने मद्याचा महसूल, असे चालू असेल, तर व्यसनमुक्ती केंद्रांवरील खर्च हा कुटुंब टिकवण्यावरचाच खर्च समजला पाहिजे.

कोठे काय मिळते?

संसारात तंटा किंवा हिंसा असल्यास स्त्रियांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. जिल्ह्याच्या ‘सखी’ केंद्रात समुपदेशन, तात्पुरता निवारा, वैद्यकीय आणि कायदेविषयक मदत मिळू शकते. पत्नी व मुलांना पोटगी मागण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १२५ होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. शेतकरी पतीच्या निधनानंतर, तो १८ ते ५९ वयोगटातील ‘रयतू बीमा’धारक असल्यास, नामनिर्देशित वारसाला पाच लाख रुपये मिळण्याची व्यवस्था २०१८ मध्ये सुरू झाली. विमापत्रात पत्नीचे नाव वारस म्हणून आहे की नाही, हे वेळीच पाहून ठेवणे हिताचे.

परराज्यात दिलेल्या लेकीच्या बाबतीत एक काळजी प्रत्येक घराने घ्यावी. विवाहाची नोंदणी करून तिच्या प्रमाणपत्राची एक प्रत माहेरी ठेवावी, तसेच नातवंडांच्या जन्मदाखल्याची प्रतही जवळ असावी. घर सुखाने नांदले तर त्या कागदांची गरज पडणार नाही. तसे झाले नाही, तर पोटगीपासून पेन्शनपर्यंत प्रत्येक अर्जाला पहिल्यांदा तेच जोडावे लागतात.